घरकुल मंजूर झाले, मधले भाडे कोणी भरायचे?

रविवारी अकोल्यात आमच्या वस्तीतल्या विहाराच्या ओट्यावर मी घरकुलाचे अर्ज भरून देतो. पूर्वी लोक विचारत, "भाऊ, यादीत नाव आलं काय?" आता ज्यांचे नाव आले तेच जास्त काळजीत दिसतात.

अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी असलेल्या रमाई आवास योजनेत शहरात अडीच लाख रुपये अनुदान आहे. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतःच्या जागेवर बांधायला केंद्राचे दीड लाख व राज्याचे एक लाख, म्हणजे तेवढेच. आता कारकुनी हिशेब मांडू. ३२३ चौरस फुटांचे घर, फुटाला १५०० रुपये धरले तरी ४,८४,५०० रुपये लागतात. वरचे २,३४,५०० कुठून आणायचे? आधी बचत गट, मग फायनान्सवाले, शेवटी सावकार.

बरे, अनुदान एकरकमी मिळत नाही. आधी जोते बांधा, फोटो, इंजिनिअरची पाहणी, मग हप्ता. तोवर जुने घर पाडलेले आणि माणसे भाड्याच्या खोलीत. दालमिलमध्ये हमाली करणाऱ्याचा आठ दिवस खाडा पडला, की भाडे द्यावे की कर्जाचा हप्ता, यावरून घरात भांडण ठरलेलेच.

माझी धाकटी बहीण अमरावतीला असते. चार महिन्यांसाठी घेतलेल्या भाड्याच्या खोलीत तिचे अकरा महिने गेले. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जाताना तिच्याकडे थांबलो. फळीवर रक्तदाबाच्या गोळ्यांचे पाकीट होते. महिना संपत आला तरी अर्धे भरलेले! विचारले तर म्हणाली, "एक दिवसाआड घेतो न दादा, दोन महिने पुरते." पोराची दहावीची शिकवणीही तिने बंद केली होती. मेहुण्यांना यातले काहीच माहीत नव्हते.

ज्या माऊलीच्या नावाने ही योजना आहे, तिनेही परळच्या चाळीत दोन खोल्यांतच संसार केला. पैशाची ओढाताण तिला नवी नव्हती.

तेव्हा भगिनींनो, मंजुरीचे पत्र हाती येईपर्यंत भिंतीला पहार लावू नका. जमत असेल तर मागची एक खोली राहू द्या, भाडे वाचेल. पाहणीसाठी अर्ज लेखी द्या, पोच घ्या. उरलेली रक्कम कोणाकडून व किती व्याजाने घेणार, हे जोते खोदण्याआधी नवराबायकोने एकत्र बसून कागदावर लिहा. गोळ्या आणि शिकवणीचा खर्चही त्याच कागदावर लिहा.

बहीण गेल्या महिन्यात राहायला गेली. प्लास्टर बाकी आहे, दार जुन्याच घराचे लावले. गोळ्या रोज घेते म्हणते. मी गेलो की पाकीट मोजतो.