कोयनेचे पाणी, पडद्यावरचा नळ

शाळेच्या कामाचे ऑनलाइन खेळ ढोबळमानाने दोन जातींचे असतात. एका जातीचा खेळ आठवायला लावतो: चित्र दिसते, खाली चार शब्द येतात, बरोबर शब्दावर बोट टेकवायचे. दुसऱ्या जातीचा खेळ काही विचारत नाही. तो मुलाच्या हाती नळ, चुंबक, तार, तराजू असे काही देतो आणि काय होते ते बघू देतो. पहिला इंग्रजी शब्दांना बरा, दुसरा विज्ञानाला. दोन्हींवर पाटी मात्र ‘शैक्षणिक’ अशी एकच असते आणि पालकांचा घोळ तिथेच होतो.

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, तेव्हा सगळी चर्चा रमी आणि फँटसी क्रिकेटभोवती फिरली. शिक्षणाचे आणि निखळ करमणुकीचे खेळ त्याच कायद्याने वेगळे काढले आणि त्यांना उत्तेजन देऊ केले, हे फारसे कुणाच्या वाचनात आले नाही. मोबाइल तर मुलांच्या हाती आधीच पोचला आहे. ‘असर’च्या २०२४च्या ग्रामीण शिक्षण-पाहणीत १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी हाती घेतला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी.

सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यासारख्या डोंगरी भागात या खेळांचा खरा उपयोग सेमी इंग्रजीच्या वर्गात आहे. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली. सेमीत त्यापुढे जाऊन गणित आणि विज्ञानच इंग्रजीतून शिकायचे असते. मोरगिरी किंवा ढेबेवाडीच्या खोऱ्यातल्या मुलाने पावसाळ्यात चुलीवरच्या दोरीवर वाळणारे कपडे रोज पाहिलेले असतात, पण पुस्तकात ‘इव्हॅपोरेशन’ आले की ते अडखळते. असे शब्द डोक्यात बसवायला शब्दजुळणीचे खेळ चालतात. पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून पाहिले की अधिक टिकते, हे अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६मध्ये प्रयोगाने दाखवले. खेळ नेमके तेच करून घेतो, आणि चूक तिथल्या तिथे दाखवतो.

पण चार पर्यायांत अंदाजपंचे ठोकूनही गुण मिळतात. घड्याळ लावलेल्या खेळात तर मुले वाचतच नाहीत, नुसती टिचक्या मारतात. उच्चार ऐकू येत नसेल तर तो खेळ अर्धाच समजावा. ‘आयलंड’ला ‘इसलँड’ म्हणायची सवय एकदा लागली की सुटता सुटत नाही. २०२१मध्ये आलेले ‘वर्डल’ (पाच अक्षरी शब्द, सहा प्रयत्न) शाळांना सुचवण्याची टूम मध्यंतरी निघाली होती. शब्द आधीच येत असेल त्यालाच तो खेळ जमतो. पाचवीच्या मुलाला त्यातून नवे काही मिळत नाही.

शिवाय शब्दजुळणीला पडदा लागतो कुठे? सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांनी हे दहा-बारा वर्षांपूर्वीच दाखवून दिले. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने तिथल्या वर्गांच्या फरश्या रंगल्या. मुले जमिनीवर बसून खडे, बिया, शब्दकार्डे मांडू लागली, आणि ते पाहायला राज्यभरातून शिक्षकांची रीघ लागली. जून २०१५मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि ज्ञानरचनावाद, म्हणजे मुलाने स्वतः करून ज्ञान घडवणे, हा शब्द शाळाशाळांत पोचला. फरशीवरच्या खेळात पाच मुले एका कार्डावरून भांडतात, आणि भांडताना तो शब्द दहा वेळा तोंडातून जातो. मोबाइलवर एक मूल खेळते, बाकीची खांद्यावरून वाकून बघतात. म्हणून शब्दांचे खेळ शक्यतो फरशीवरच खेळावेत आणि पडदा राखून ठेवावा फरशीवर मांडता येत नाही त्यासाठी.

असे एक उदाहरण पाटणच्या उशालाच आहे. कोयना धरण या तालुक्यात आहे. प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॅट. पण धरणाच्या पायथ्याचे छोटे वीजघर सोडले तर पाणी बोगद्यांतून सह्याद्रीपलीकडे चिपळूण तालुक्यात उतरते आणि पोफळीला डोंगराच्या पोटातली यंत्रे फिरवते. त्यामुळे कोयनेकाठच्या मुलानेही जनित्र आतून पाहिलेले नसते. दहावीच्या पुस्तकात त्याची आकृती येते, ती पाठ होते, गुणही पडतात. जनित्र चालते कसे, ते मात्र पडद्यावर दाखवता येते.

भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवलेले कार्ल वीमन यांनी २००२मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ हा पडद्यावरच्या प्रात्यक्षिकांचा उपक्रम सुरू केला. त्यातली प्रात्यक्षिके फुकट आहेत आणि बरीचशी मराठीतही आहेत. त्यांतल्या जनित्राच्या प्रात्यक्षिकात एक नळ आहे, खाली पाणचक्की, तिला जोडलेला पट्टीचुंबक, शेजारी तारेचे वेटोळे आणि दिवा. नळ सोडला की चक्री फिरते, चुंबक फिरतो, दिवा लागतो. नळ बंद केला की चुंबक जागच्या जागी असतो, वेटोळेही असते, दिवा मात्र विझतो. इथे वर्गात हमखास कुणीतरी विचारते, ‘चुंबक तर आहे, मग?’ चुंबक असून भागत नाही, चुंबकीय क्षेत्र बदलत राहावे लागते. फॅरडेने १८३१मध्ये शोधलेली हीच गोष्ट. मग नळ तेवढाच ठेवून वेटोळ्याचे वेढे वाढवायचे, की दिवा आणखी उजळतो. ना गुण, ना पातळ्या, ना टाळ्यांचा आवाज. तरीही मुले हटत नाहीत. वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्यांत पाण्याच्या जागी वारा आला, एवढे सांगायला मग शिक्षकाला वेगळा तास लागत नाही. मॅग्नेट, कॉइल, टर्बाइन हे शब्दही याच ओघात कानावर पडतात, आणि वस्तू डोळ्यांसमोर असल्याने ते घोकावे लागत नाहीत.

शिक्षक मध्ये नसेल तर मात्र हेच प्रात्यक्षिक दोन मिनिटांत नळ उघड-बंद करण्याचा चाळा होऊन बसते. कळ दाबण्याआधी ‘आता काय होईल?’ हे वहीत लिहून घ्यायला हवे. ही शिस्त कुठलाही खेळ आपणहून लावत नाही.

उरला प्रश्न रेंजचा. खोऱ्यांत ती येते-जाते आणि पावसाळ्यात वीजही. ‘फेट’च्या नव्या प्रात्यक्षिकांची एकेक फाइल उतरवून पेन ड्राइव्हवर नेता येते आणि साध्या ब्राउझरवर नेटशिवाय चालते. फ्लॅशवर बेतलेल्या जुन्या खेळांचे मात्र २०२० संपताना दार बंद झाले. शाळांच्या कपाटांतल्या तशा बऱ्याच सीडी आता कामाच्या नाहीत. नवा खेळ घेताना जाहिराती येतात का, खाते उघडायला सांगतो का, पुढची पातळी विकतो का, एवढे शिक्षकाने आधी स्वतः खेळून पाहावे. मोबाइल प्रत्येकाला हवा असेही नाही. लोकवर्गणीतून आलेला एक टीव्ही असला तरी एकाने नळ धरायचा आणि बाकीच्यांनी अंदाज बांधायचा, असा तास नीट चालतो.