गूळ, रुमाल आणि सिलिकोसिस

सिलिकोसिस म्हणजे दगड-वाळूच्या धुळीने फुप्फुसं निबर होत जाण्याचा रोग. त्यावर औषध नाही. समजुती मात्र भरपूर आहेत.

गैरसमज : कामावरून सुटल्यावर गूळ खाल्ला की धूळ निघून जाते.

कोल्हापूरसारख्या गुळाच्या मुलखातल्या फौंड्रीत हे सहज पटतं. घशातली जाड धूळ गुळाने सुटते, बरं वाटतं, तेवढं खरं. पण गूळ पोटात जातो आणि घातक धूळ फुप्फुसात. तिचे कण पाच मायक्रॉनहूनही बारीक असतात. केसाची जाडी सत्तरच्या आसपास धरा. म्हणजे उन्हाच्या तिरिपेत नाचताना दिसते ती धूळ त्यातल्या त्यात बरी! बारीक कण थेट वायुकोशांत उतरतात. तिथल्या संरक्षक पेशी त्यांना गिळतात, पण पचवता न आल्याने मरतात. कण मोकळा होतो, पुढची पेशी तोच गिळते, आणि दर वेळी थोडा व्रण मागे राहतो. उंदरांवरच्या एका प्रयोगात गुळाचा काही उपयोग दिसला होता, त्याचा दाखला अजून दिला जातो. पण उंदरांवरून माणसाचा इलाज ठरत नाही. गूळ वाटणं धुळीवर पाणी मारण्यापेक्षा स्वस्त पडतं, हे त्यामागचं खरं कारण असावं असं मला वाटतं.

गैरसमज : तोंडाला रुमाल बांधला की झालं.

रुमालातून हे कण आरपार जातात. चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क अडवतो, पण भट्टीशेजारी पूर्ण पाळी तो कोण घालून राहणार? धूळ उठते तिथेच पाणी मारणं किंवा ती यंत्राने ओढून घेणं हा खरा उपाय, आणि तो कामगाराच्या हातात नसतो.

गैरसमज : धूळ सगळी सारखीच.

आपल्या काळ्या दगडात मोकळी सिलिका कमी असते. फौंड्रीची वाळू, ग्रॅनाइट, गारगोटी यांत ती भरपूर. ओट्यासाठी निघालेल्या कृत्रिम क्वार्ट्झच्या फरश्यांत तर ती ९० टक्क्यांच्याही वर असू शकते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यांच्यावर बंदीच घातली.

गैरसमज : खोकला, बारीक होत चाललेला देह, फोटोत डाग, म्हणजे टीबीच.

असू शकतो. सिलिकोसिस झालेल्याला टीबी लवकर गाठतो, दोन्ही एकत्रही असतात. पण केसपेपरवर नुसता टीबी लिहिला गेला की रोगाचा कामाशी संबंधच तुटतो आणि भरपाईचा हक्क जातो. औषधाचे कोर्स, बुडालेली मजुरी, ऑक्सिजनचं यंत्र, सगळं घरच्यांवर. १९४८ च्या कारखाने कायद्याने हा रोग सरकारला कळवणं डॉक्टरवर बंधनकारक केलं होतं. तरी 'काम काय करता?' हा प्रश्न ओपीडीत क्वचितच कानावर येतो.

गैरसमज : काम सोडलं की रोग थांबतो.

व्रण वाढत राहतात. मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलिराजपूर, धारचे आदिवासी गुजरातेत गोध्र्याकडे गारगोटी दळायला गेले. काहींनी तिथे काही महिनेच काम केलं होतं. गावी परतल्यावर ते खंगत गेले. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यातल्या २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यायला गुजरात सरकारला सांगितलं. ठेकेदाराकडे काम करणाऱ्याने हजेरी कार्डाचा फोटो आणि ईएसआयचा नंबर घरी ठेवावा तो याचसाठी, कामाचा पुरावा म्हणून. छातीचा एक्स-रे नंतरही काढता येतो, हजेरीचा कागद मिळत नाही.