जुनी चणियाचोळी आणि ‘छेल्लो भाव’

नवरात्र जवळ आली की बडोद्यातल्या घराघरांत पेट्या उघडतात. मुलीची चणियाचोळी काढून बघावी, तर ती आखूड झालेली असते. मग आई किंवा ताई मोबाइलवर फोटो काढते आणि कपडा ऑनलाइन विक्रीला ठेवते. थोड्याच वेळात पहिला निरोप येतो, “छेल्लो भाव केटलो?” दुसरा थेट आकडाच लिहितो, “७००.” साडेतीन हजारांच्या कपड्याला सातशे! संताप होतो आणि चणियाचोळी पुन्हा पेटीत जाते. पुढच्या वर्षी ती आणखी एका वर्षाने जुनी झालेली असते.

खरे म्हणजे ही घासाघीस आपल्याला नवी नाही. आपल्या आजीने बोहारणीशी हीच घासाघीस केली आहे. बोहारीण साडी उजेडात धरायची, विरलेली जागा दाखवायची आणि पातेल्याऐवजी डबा पुढे करायची. आजीही काही कमी नव्हती. पण त्यात अपमान कोणालाच वाटत नसे, कारण भाव पाडणे हा बोहारणीच्या पोटाचा प्रश्न आहे हे आजीला ठाऊक होते. आपल्या गुजरातमध्ये जुने कपडे विकणाऱ्या स्त्रियांचा व्यवसाय मोठा आहे. १९७२ साली अहमदाबादेत इलाबेन भट्ट यांनी ‘सेवा’ ही संस्था स्थापन केली, तिच्या सुरुवातीच्या घडामोडींत या स्त्रियांचा पुढाकार होता.

मग ऑनलाइन भाव ऐकून राग का येतो? याचे उत्तर एका प्रसिद्ध प्रयोगात सापडते. डॅनियल कानमन, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले, काहींना दिले नाहीत. नंतर मग असलेल्यांना विकण्याची किंमत विचारली आणि नसलेल्यांना घेण्याची. विकणाऱ्यांनी सांगितलेली किंमत घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट निघाली! मग तेच होते आणि ते हातात येऊन थोडाच वेळ झाला होता. १९९० साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. पुढे कानमन यांना २००२ मध्ये आणि थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. थोडक्यात, वस्तू ‘आपली’ झाली की आपल्या मनात तिची किंमत वाढते. मुलीने ज्या चणियाचोळीत गरबा खेळला, तिच्याबाबत तर हे अधिकच खरे. आपण आठवण विकायला बसलेले असतो, समोरचा मात्र कापड विकत घेत असतो.

म्हणून विक्रीला ठेवण्यापूर्वीच कागदावर दोन आकडे लिहावेत. एक मागायची किंमत आणि दुसरी त्याखाली जायचे नाही अशी किंमत. समजा, ३५०० रुपयांची चणियाचोळी दोन नवरात्री वापरली. मागायची किंमत १६०० आणि खालची १२०० ठरवली. पाठवणीचा खर्च कोणाचा, हेही आधीच लिहावे, नाहीतर ठरलेल्या भावातून तो गुपचूप वजा होतो. समोरून ७०० आले, तर रागावू नये आणि एकदम खालीही येऊ नये. आधी १४५०, मग १३५०, मग १३०० असे यावे. पायऱ्या १५०, १०० आणि ५० अशा लहान होत गेल्या की शेवट जवळ आला हे समोरच्याला न सांगता कळते.

सौदा १३०० ला झाला, तर नुकसान किती? खर्च २२०० रुपये आणि रात्री अठरा, म्हणजे रात्रीला सुमारे १२२ रुपये. विद्यार्थ्यांनी हा हिशेब घरी करून दाखवावा. ‘२२०० गेले’ असे म्हणण्यापेक्षा तो अधिक खरा आहे.

घासाघीस कमी करायची असेल, तर सर्वांत मोठा उपाय म्हणजे दोष स्वतःहून सांगणे. आरसा निघाला असेल, डाग असेल, तर त्याचाही फोटो द्यावा. ‘मिडियम’ एवढेच न लिहिता छाती, कंबर आणि उंची इंचांत लिहावी. दडवलेला डाग दारात दिसला की भाव तिथे पुन्हा पाडला जातो आणि तेव्हा आपल्याकडे उत्तर नसते. तसेच ‘दुसरे गिऱ्हाईक तयार आहे’ असे खोटे सांगू नये. एकदा शब्द दिला की दुसऱ्याने शंभर जास्त दिले तरी तो मोडू नये.

एक सावधगिरी मात्र अवश्य पाळावी. भाव न करता लगेच ‘घेतो’ म्हणणारा आणि पैसे पाठवण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करायला सांगणारा गिऱ्हाईक फसवणारा असू शकतो. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. ‘चुकून जास्त पाठवले, परत करा’ असे कोणी म्हटले, तर नुसत्या मेसेजवर विश्वास न ठेवता खात्यातील जमा तपासावी. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे. विद्यार्थ्यांनी असा व्यवहार पालकांना बरोबर घेऊनच करावा.

आणि सौदा शंभर रुपयांवर अडलाच तर? बोहारीण अशा वेळी भाव न बदलता वर एक वाटी ठेवायची आणि आजी हसून साडी द्यायची. आपणही किंमत तशीच ठेवून सोबत त्याच रंगाच्या बांगड्या द्याव्यात. आपल्या घरी त्या आता कोणाच्या हातात जाणार आहेत?