किल्ली, कोळी आणि पाच डॉलर

संपादकांचा निरोप दोन ओळींचा होता. सणासुदीला गेमच्या ऑनलाइन दुकानांत सेल लागतात, लोक पोत्याने गेम घेतात आणि त्यातले निम्मे कधी उघडतही नाहीत, त्यावर लिही. मीही त्याच लोकांतला. तेव्हा म्हटलं, आधी आपलंच पोतं उपसू. काही वर्षांपूर्वी सेलमध्ये पडेल भावात घेऊन ठेवलेला ‘मशिनारियम’ हाती लागला. सहज उघडला आणि लेख आठवडाभर लांबला.

सुरुवात भंगारात होते. एक उडता कचऱ्याचा ट्रक शहराबाहेरच्या ढिगाऱ्यावर माल ओततो, आणि त्या मालातच आपला नायक असतो, सुटा-सुटा. त्याचे तुकडे गोळा करून त्याला उभं करायचं. उभा राहतो तो पत्र्याच्या डब्यासारखा छोटा रोबो, योसेफ. हे नाव चित्रकार योसेफ चापेक यांच्यावरून आलंय. ‘रोबो’ हा शब्द जगाला दिला तो कारेल चापेक यांच्या 1920 सालच्या नाटकाने, पण कारेलला तो सुचवला त्याच्या या भावाने. चेक माणसं रोबोचा गेम करणार आणि योसेफला विसरणार, हे शक्यच नव्हतं.

पुढच्या दृश्यात शहराची वेस आणि पहारा. आत जायचं तर शिपायाचं सोंग घ्यायला हवं. मग रस्त्यावरचा शंकू निळ्या रंगात बुडवायचा, त्यावर दिव्याचा बल्ब चढवायचा, झाली टोपी. एवढ्यावर भागत नाही, कारण शिपाई उंच आणि योसेफ बुटका. मी बराच वेळ टोपीच न्याहाळत बसलो. सुट्टीला साताऱ्याहून आलेली नऊ वर्षांची भाची मागून बघत होती. ती म्हणाली, “मामा, अरे तो लांब होतो ना! ओढ की त्याला वर.”

खरंच होतो. योसेफ मान-धड ताणून उंच होतो, दबून बसका होतो, आणि सापडलेली वस्तू तोंडाने गिळून पोटात ठेवतो. या जातीच्या जुन्या गेममध्ये पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यावर माउस आपटत फिरावं लागे, एखादी गंजकी खिट्टी कुठे दडलीय ते शोधत. इथे योसेफचा हात पोहोचेल तेवढंच उचलता येतं. म्हणजे आधी त्याला तिथवर न्या, उंची जमवा, मग बघा. या एका बंधनामुळे कोडं आंधळ्या कोशिंबिरीतून सुटून विचारात येतं.

सुरुवातीच्या एक-दोन सूचना सोडल्या, तर पूर्ण गेममध्ये एक शब्द नाही. कुणाला काही सांगायचं असेल तर डोक्यावर फुगा येतो आणि त्यात चित्र हलतं. मराठीतून गेम निघत नाहीत ही आपली जुनी तक्रार आहे आणि रास्त आहे. पण प्रागमध्ये शिकलेल्या मुलाच्या चमूने केलेला गेम साताऱ्याची पोरगी माझ्याआधी सोडवते, तेव्हा त्या तक्रारीला थोडा वेळ बाजूला बसवावं लागतं.

अडकलात तर दोन वाटा. प्रत्येक दृश्यात एका बल्बवर टिचकी मारली की एक छोटा इशारा मिळतो. दुसरी वाट म्हणजे एक पुस्तक. त्यात समोरच्या दृश्याचं पूर्ण उत्तर चित्रांच्या चौकटींतून काढलेलं आहे, पण पुस्तकाला कुलूप आहे. ते उघडायला एक दुय्यम खेळ खेळावा लागतो: तुम्ही एक किल्ली, बोगद्यातून उडत निघालेली, समोरून कोळी येताहेत, त्यांना गोळ्या घालत कुलपाच्या भोकापर्यंत पोहोचायचं. कोळ्याला धडकलात की पुन्हा पहिल्यापासून. आणि पुढच्या दृश्यात पुन्हा अडकलात, तर पुन्हा तेच कोळी.

मी या कुलपावर एक अख्खी संध्याकाळ घालवली. खेळ अवघड नाही, चक्क कंटाळवाणा आहे, आणि माझ्या मते तो मुद्दामच तसा ठेवलाय. तिसऱ्यांदा कोळी मारताना मनात येतं, यापेक्षा ते कोडंच परत बघू. बघतो, आणि कधीकधी सुटतंही. उत्तर लपवायचं तर फेकून देता आलं असतं. गेम करणाऱ्यांनी ते शेजारीच ठेवलं आणि त्याची किंमत कंटाळ्यात लावली. परीक्षेआधी गाइड कपाटात टाकून किल्ली देव्हाऱ्यामागे ठेवणाऱ्या आया आठवल्या. आज फोनवर सगळी उत्तरं फुकट मिळतात, त्यामुळे हे कुलूप आता निव्वळ शोभेचं आहे. तरी मी फोन उचलला नाही. भाची बघत होती, हेही खरं.

हा गेम करणाऱ्या संस्थेचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. याकुब द्वोर्स्की प्रागच्या कला, वास्तुकला आणि डिझाइन अकादमीत शिकत होता. 2003 साली शेवटच्या वर्षाचं काम म्हणून त्याने ‘सामोरोस्त’ हा ब्राउझरमधला छोटा गेम केला, आणि त्याच वर्षी ‘अमानिता डिझाइन’ सुरू झालं. अमानिता हे भूछत्रांच्या एका वंशाचं नाव, त्यातली काही जीवघेणी विषारी. ‘सामोरोस्त’ हा शब्द आपल्याला परका, पण वस्तू नाही: प्राण्यासारखं दिसणारं मूळ किंवा लाकूड. एके काळी मराठी घरांतल्या शोकेसमध्ये बाहुलीशेजारी असायचं ते काष्ठशिल्प. चेकमध्ये आपल्याच तऱ्हेने वाढलेल्या, जगाची पर्वा न करणाऱ्या माणसालाही तोच शब्द लावतात. सुरुवातीची वर्षं नायकेसाठी एक जाहिरात-गेम, बीबीसीसाठी शाळकरी मुलांचा ‘क्वेश्चनॉट’ अशी कामं करत गेली.

मशिनारियम सात जणांनी तीन वर्षं खपून केला, तोही स्वतःच्या साठवलेल्या पैशातून. जाहिरातीसाठी एक हजार डॉलर बाजूला काढले होते. ऑक्टोबर 2009 मध्ये गेम बाजारात आला, किंमत 20 डॉलर. चित्रांसाठी त्याला त्याआधीच स्वतंत्र गेमच्या महोत्सवात पारितोषिक मिळालं होतं. गेममधलं टॉमाश द्वोर्जाकचं संगीत मी लिहिताना अजून लावतो.

आता पैशाची गोष्ट. गेमला कॉपी रोखणारं कुठलंही कुलूप नव्हतं. कुलूप पुस्तकाला, दुकानाला नाही. व्हायचं ते झालं. खेळणाऱ्यांपैकी फार तर 5 ते 15 टक्क्यांनी पैसे मोजले असावेत, असा त्यांचा स्वतःचाच अंदाज होता. ऑगस्ट 2010 मध्ये त्यांनी ‘पायरेट अ‍ॅम्नेस्टी’, म्हणजे चोरांना माफी, जाहीर केली. चोरून खेळलात, ठीक आहे, आता 5 डॉलर द्या, गेम घ्या, वर संगीतही घ्या. वकिलाची नोटीस नाही, शिव्याशाप नाहीत. उधारीची वही घेऊन दारात आलेल्या, आणि चहाही न मागता हसून उभ्या राहिलेल्या वाण्यासारखं ते वाटतं. त्याच डिसेंबरात गेम ‘हम्बल इंडी बंडल’ या गेमच्या गठ्ठ्यात गेला. तिथे तर तुम्ही म्हणाल ती किंमत.

अमानिताचं नाव याच काळात झालं. पुढे ‘बोटानिक्युला’, ‘सामोरोस्त 3’, ‘खुखेल’, ‘क्रीक्स’ आले. लोक ठरलेल्या दुकानातून साडी घ्यावी तसे त्यांचे गेम डोळे झाकून घेतात. नावाला ओरखडा गेलाच नाही असं नाही. ‘खुखेल’मधलं काळं केसाळ पात्र कृष्णवर्णीयांची टिंगल करणाऱ्या जुन्या चित्रांसारखं दिसतं असं कुणी दाखवून दिल्यावर 2018 च्या अखेरीस त्यांनी त्याचा रंग नारिंगी केला. त्यावर चिडलेल्यांनी वाईट अभिप्रायांचा पाऊस पाडला.

पण माझी काळजी वेगळी आहे. 20 चे 5 एकदा होतात तेव्हा ते औदार्य असतं. दरवर्षी होतात तेव्हा गिऱ्हाईक 20 देणं सोडून देतं. मीच दिले नव्हते. सेलची वाट पाहिली, घेतला आणि वर्षानुवर्षं उघडला नाही. ‘सामोरोस्त 3’ला पाच वर्षं लागली. पाच वर्षं एका गेमवर बसणाऱ्या घराला पहिल्या आठवड्यात पूर्ण पैसे देणारी माणसं लागतात.

शिवाय हे सामान नासतं. मशिनारियम फ्लॅशवर बांधलेला होता. अ‍ॅडोबने 2020 च्या अखेरीस फ्लॅश बंद केलं आणि ब्राउझरमधले हजारो गेम एका झटक्यात मुके झाले. अमानिताने मशिनारियम त्याआधीच, 2017 मध्ये, नव्या पायावर उचलून ठेवला होता, सामोरोस्तचे जुने भागही मागाहून दुरुस्त केले. गंजलेले सांधे मोकळे करायचं हे काम दिसत नाही, विकत नाही, आणि सेलच्या पाटीवर त्याचा उल्लेख नसतो.

भाची साताऱ्याला परत गेली. जाताना तिने विचारलं, दुसरा आहे का. पहिला ‘सामोरोस्त’ अमानिताने दुरुस्त करून 2021 मध्ये फुकट दिला, तोच तिच्या बाबांच्या लॅपटॉपवर टाकून दिला. तुम्हीही तिथूनच सुरू करा. आवडला तर पुढचा पूर्ण किमतीला घ्या.