काचपेटींतील समुद्र

गतवर्षीं नातवाच्या हट्टास्तव आमच्या घरांत १५० लिटरांची काचपेटी आली व तींत समुद्र भरण्याचा उद्योग आम्हीं आरंभिला. शाकाहारी घरांत मासे येणार म्हणून आमच्या वडील भगिनींनीं प्रथम नाक मुरडलें. हल्लीं सायंकाळीं पेटीपुढें पाट मांडून बसण्याचा पहिला मान त्यांचाच असतो. मधल्या काळांत आमच्या हातून जो प्रमाद घडला, तो इतर हौशी कुटुंबांत घडूं नये म्हणून येथें निवेदन करीत आहों.

पाणी सिद्ध करणें कठीण नाहीं. शुद्ध पाण्यांत दर लिटरास सुमारें ३५ ग्रॅम या प्रमाणांत मत्स्यालयासाठीं मिळणारें सागरी मीठ (स्वयंपाकांतील नव्हे) विरघळवावें, विशिष्ट गुरुत्व १.०२५ व उष्णता २५-२६ अंश सेंटिग्रेड राखावी. हें सर्व आम्हीं यथासांग केलें आणि आठव्या दिवशीं, पाणी स्फटिकासारखें दिसतें म्हणून, पांच मासे एकदम सोडले. तिसऱ्या दिवशीं ते पृष्ठभागाशीं येऊन धापा टाकूं लागले. आठवडा उलटला तेव्हां एकच उरला. तो दुकानदाराच्या स्वाधीन केला. नातू दोन दिवस नीट जेवला नाहीं. पाणी मात्र तेव्हांही तितकेंच निर्मळ होतें!

दोष डोळ्यांना न दिसणारा होता. माशाच्या शरीरांतील मळ बह्वंशीं कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपानें बाहेर पडतो, आणि अमोनिया हें त्याला विषच. कांहीं सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट करितात व दुसरे त्या नायट्राइटचें नायट्रेट. हें नायट्रेट मासा पुष्कळ अंशीं सहन करूं शकतो. विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञानें १८९० च्या सुमारास या जंतूंचें कार्य उलगडून दाखविलें. दगड, वाळू व गाळणी यांवर त्यांची वसाहत उभी राहण्यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. त्या अवधींत मासा न ठेवतां पाण्यांत थोडा अमोनिया घालून त्यांना पोसतां येतें. शिवाय समुद्राचें पाणी किंचित् अल्कधर्मी असल्यामुळें त्यांत अमोनियाचा अधिक भाग विषारी रूपांत राहतो.

परंतु वसाहत झाली म्हणजे कितीही मासे सोडावे असें नव्हे. जंतु आपल्या अन्नाच्या मानानेंच वाढतात. दोन माशांपुरते असलेले जंतु सहा माशांचा भार एका रात्रींत उचलूं शकत नाहींत. म्हणून एखादा मासा सोडावा, चारा बेताचा द्यावा, अमोनियाची परीक्षा वारंवार घ्यावी व दोन-तीन आठवड्यांनीं दुसऱ्याचा विचार करावा.

प्रत्येक नव्या माशास प्रथम चार आठवडे निराळ्या पेटींत ठेवणें इष्ट. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एका माशाबरोबर येतो आणि साऱ्यांना ग्रासतो. त्यावरील ताम्रयुक्त औषध मोठ्या पेटींत घालावें तर कोळंबी व प्रवाळ मरतात. पेटींत सोडतांना पिशवी पंधरा-वीस मिनिटें पाण्यावर तरंगत ठेवावी, पेटीचें पाणी थेंबाथेंबानें तींत मिसळावें, मग मासा तेवढा आंत घ्यावा. पिशवींतील पाणी ओतून द्यावें. दिवा त्या दिवशीं मालवलेलाच बरा.

क्रमालाही महत्त्व आहे. सौम्य मासे आधीं, भांडखोर शेवटीं. डॅम्सेल जातीचा मासा अगोदर आला कीं सारी पेटी आपल्या नांवावर झाल्यासारखा वागतो व मागून येणाऱ्याचे पंख कुरतडतो. (जुन्या वाड्यांतून हा अनुभव मनुष्यांचाही आहे.) अशा वेळीं दगडांची मांडणी बदलली तर जुन्याची हद्द मोडते आणि नव्याला आसरा मिळतो.

दुसऱ्या खेपेस आम्हीं सहा आठवडे रिकामी पेटीच सांभाळली. मग क्लाऊन माशांची कोंवळी जोडी आणली. हे मासे माणसाच्या देखरेखीखालीं पैदास करतां येतात, त्यांसाठीं प्रवाळखडक लुटावे लागत नाहींत. त्यांतला जो थोर तो मादी होतो, धाकटा नर. आणि मादी मेली तर नरच मादी बनतो, हें ऐकून भगिनी चकितच झाल्या! आज पेटींत चार मासे सुखानें नांदत आहेत. पांचवा शेजारच्या लहान पेटींत एकोणीस दिवसांचा पाहुणा आहे. नातू रोज भिंतीवरील दिनदर्शिकेवर एक फुली मारतो, आणि भगिनींनीं त्याचें नांवही ठेवून टाकलें आहे.