वायूचा दाब आणि गृहस्थाची दक्षता

चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना तालुक्यात उन्हाळा जितका प्रखर, तितकीच पौषातील पहाट बोचरी असते. स्नानाच्या पाण्यासाठी पूर्वी अंगणात बंब पेटत असे. आता कित्येक घरी त्याची जागा वायूवर चालणाऱ्या गिझरने घेतली आहे. बंबातील विस्तव डोळ्यांस दिसे. नळीतील वायूचा दाब मात्र दिसत नाही. म्हणूनच तो समजून घेणे अगत्याचे आहे.

सिलिंडरमधील इंधन म्हणजे मुख्यतः प्रोपेन व ब्यूटेन यांचे द्रवरूप मिश्रण होय. त्याच्या वाफेचा दाब तापमानाप्रमाणे बदलतो, आणि ज्योतीला मानवणाऱ्या दाबाच्या तो शंभरपटीहूनही अधिक असू शकतो. हा उग्र दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३० ग्रॅमपर्यंत उतरविण्याचे काम घरगुती रेग्युलेटर करतो. इंग्रजी यू अक्षरासारख्या वाकविलेल्या काचनळीत पाणी भरून हा दाब मोजल्यास दोन्ही बाजूंच्या पाण्यात सुमारे ३० सेंटिमीटरचा फरक दिसतो. गिझर पेटता असताना हा फरक फारच घटला, तर नळी दबलेली किंवा रेग्युलेटर बिघडलेला असण्याचा संभव असतो. गिझर बंद केल्यावरही तो सावकाश वाढतच राहिला, तर रेग्युलेटरची झडप पुरती मिटत नाही असे समजावे. ही परीक्षा जाणत्या कारागिरानेच करावी. रेग्युलेटर उघडण्याचा खटाटोप घरी कोणीही करू नये.

थंडीत ज्योत मंदावते, याचे कारण निराळे आहे. द्रवाची वाफ होताना उष्णता शोषली जाते, सिलिंडर गार पडतो व आतील दाब उतरतो. अशा वेळी काहीजण सिलिंडर आडवा करतात, तर काहीजण त्यावर कढत पाणी ओततात. आडव्या सिलिंडरातून वाफेऐवजी द्रवच नळीत शिरून ज्योत भडकण्याचे भय असते, आणि बाहेरून दिलेल्या उष्णतेने आतील दाब एकाएकी वाढतो. हे दोन्ही उपाय सर्वथा वर्ज्य होत.

दाब योग्य असूनही हवा अपुरी असेल, तर धोका टळत नाही. ज्योत निळी व स्थिर असावी. ती पिवळी होऊन काजळी धरू लागली, तर ज्वलन अपुरे होत आहे असे जाणावे. त्यातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही; बंद न्हाणीघरात तो माणसास नकळत बेशुद्ध करतो व प्राणही घेतो. यास्तव गिझर न्हाणीघराबाहेर, खेळत्या हवेत बसवावा.

सांध्यांची गळती साबणाच्या फेसाने तपासावी, काडी ओढून कदापि नव्हे. रबरी नळीवरील मुदत संपताच ती बदलावी. वायूचा वास आल्यास रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेच्या बटणास हात लावू नये, आणि घराबाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. एवढी शिस्त घरातील लहानथोर सर्वांच्या अंगवळणी पडली, म्हणजे ऊन पाण्याचे सुख निर्धास्तपणे भोगता येईल.