महाडच्या आधीचे मोरे

महाडची गोष्ट आपण २० मार्च १९२७ या तारखेपासून सांगतो. बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तो दिवस. पण तळ्यापर्यंत माणसे जमवून आणणारा जो चोवीस वर्षांचा तरुण होता, त्या रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यापासून ती सांगितली, तर महाडच का, हे उमगते.

मोरे १९०३ साली महाड तालुक्यातल्या लाडवलीत जन्मले. हा मुलूख आधीच जागा झालेला होता. फौजेतून पेन्शन घेऊन आलेले महार इथल्या गावोगाव होते. त्यांच्यातलेच, शेजारच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर यांनी १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहून शास्त्रीपंडितांना जाब विचारला होता. मोरे हुशार विद्यार्थी, तरी अस्पृश्य म्हणून महाडच्या इंग्रजी शाळेने त्यांना दार बंद केले. पोराने वर्तमानपत्राला पत्र लिहून हा अन्याय चव्हाट्यावर आणला आणि प्रवेश मिळवला. वर्गात मात्र बसायचे वेगळे.

कागदावर हक्क तेव्हा मिळू लागले होते. सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले. सुरबानाना टिपणीसांच्या महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळेही खुले जाहीर केले. अस्पृश्यांना पाण्याला शिवायची सोय मात्र तरीही नव्हती. मोरे बाबासाहेबांना महाडला परिषद घ्या म्हणून गळ घालत होते. अखेर १९ आणि २० मार्चला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तिच्यासाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले! गावात तुडुंब भरलेले सार्वजनिक तळे असताना. परिषदेच्या शेवटी अनंतराव चित्र्यांनी हाच खर्च पुढे करून सर्वांनी आत्ताच तळ्यावर चलावे, असे सुचवले, आणि मंडळी निघाली.

पुढे मंदिरात घुसणार अशी आवई उठवून परतणाऱ्या लोकांना झोडपण्यात आले. तळ्यात पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून ते ‘शुद्ध’ केले गेले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरच्या सत्याग्रह परिषदेला कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांच्या जमिनीवर मंडप उभारला गेला. सनातन्यांनी कोर्टाकडून मनाईहुकूम आणल्यामुळे तळ्याचा सत्याग्रह तेव्हा थांबला. २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृती मात्र जळली.

दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला: अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची अनादी रूढी सिद्ध झालेली नाही. हा निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ मध्ये अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच.

तोवर मोरे वेगळ्या वाटेवर होते. १९३० मध्ये ते कम्युनिस्ट पक्षात गेले आणि मुंबईच्या कामगार वस्त्यांत राबू लागले. बाबासाहेबांवरची निष्ठा त्यांनी सोडली नाही, जातीचा प्रश्न पक्षापुढे मांडणेही सोडले नाही. त्यांचे नाव मागे पडले ते यामुळेच, असे मला वाटते. आंबेडकरी चळवळीला ते लाल वाटले आणि लाल बावट्याला जातीचे बोलणारे. १९६५ मध्ये त्यांनी ‘जीवनमार्ग’ साप्ताहिक सुरू केले. १९७२ मध्ये ते गेले. त्यांच्या अपुऱ्या आत्मकथनाला पुढची जोड देऊन मुलगा सत्येंद्र मोरे यांनी ते चरित्र लोकांपुढे आणले. महाडवर लिहू पाहणाऱ्याने सुरुवात तिथून करावी.